जोडाच्या शेजारी

"ह्यां काम कोणाचां?" त्यानं विचारलं आणि मी सांगून मोकळी झाले, "काय माहीत. आधीच्या कुणा मेकॅनिकचं असेल."

म्हापशातली गोष्ट. जूनचा दुसरा शुक्रवार, बाजाराचा दिवस. पाऊस नुकताच थांबलेला आणि रस्त्यावर सुक्या मासळीचा, ओल्या पोत्यांचा आणि पेट्रोलचा एकत्र वास. माझ्या स्कूटरचा मागचा डावा इंडिकेटर बंद पडला होता. मागचा मेला की पुढचा भराभर मिचकतो, आतली टिकटिक दुप्पट वेगानं सुरू होते, आणि प्रत्येक वळणावर आपण कुणावर तरी चिडलोय असं वाटतं. बल्ब बदलून झाला होता. म्हणून या गॅरेजात आले. गॅरेज म्हणजे दोन दुकानांच्या मधली बोळच, वर निळी ताडपत्री. मेकॅनिक दोडामार्गाकडचा, रोज बाइकवरून येऊन-जाऊन करणारा. त्यानं सीटखालची डिकी काढून वायरिंगचा जुडगा बाहेर ओढला, चिकट झालेली काळी टेप नखानं सोलली आणि आतून एक चकचकीत जोड निघाला. तांदळाच्या दाण्यासारखा, पण जरा लांबट. त्यानं तो दोन बोटांत धरून हलकेच वाकवला. वायर तुटून हातात आली. जोड तुटला नव्हता. जोड तस्साच होता. त्याच्या अगदी शेजारी वायर तुटली होती.

"सोल्डर मारल्यान," तो म्हणाला. "गाडयेक सोल्डर चलना नाय, बाय." आणि हसला. वाईट हसला नाही. चतुर्थीला मखर वाकडं उभं राहिलं की शेजारी हसतात, तेवढंच. मग त्यानं कटरनं तो जोड दोन्ही बाजूंनी छाटला आणि खाली टाकला. तो वळल्यावर मी तो उचलून पर्समध्ये टाकला.

तो जोड माझ्या बाबांचा होता.

का खोटं बोलले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या माणसाला माझे बाबा कोण हे कळून काय फरक पडणार होता? पण "हे घरी केलंय" म्हटलं असतं तर त्याचं ते हसू बाबांच्या वाट्याला गेलं असतं, आणि बाबा तर आता उत्तर द्यायला नाहीत. हे कारण चांगलं वाटतं. खरं कारण बहुतेक एवढंच, की मला अडाण्याची मुलगी ठरायचं नव्हतं. घरी येईपर्यंत, पार पर्वरीचा चढ उतरेपर्यंत, मनात हेच. दोन्ही इंडिकेटर आता शहाण्यासारखे संथ मिचकत होते आणि ते बघून जास्तच वाईट वाटत होतं.

बाबा टेलिफोन खात्यात होते. आधी खांबावर चढायचे, नंतर पणजीच्या एक्स्चेंजमध्ये. आमच्या घरात त्यामुळे तीन वास कायमचे: खोबरेल तेलाचा, उदबत्तीचा आणि राळेचा. डाख म्हणजे सोल्डर. तो देताना तार वितळते तेव्हा तिच्या पोटातली राळ जळते, तो पांढरा धूर. जत्रेतल्या दशावतारात राक्षसाची एंट्री झाली की पलित्यावर राळ उडवून भडका करतात, तेव्हाचा वासही त्याच घराण्यातला. लहानपणी मला वाटायचं की राक्षस आमच्या ओसरीवरून जाऊन आलाय. बाबा कामाला बसले की डाखाची तार धरायचं काम माझं. "तार इस्त्रीला लावू नकोस, जोडाला लाव. जोड तापला की तो आपणहून ओढून घेतो," असं ते सांगायचे. डाखाच्या लोखंडाला ते इस्त्रीच म्हणत. आणि खरंच, 60 टक्के कथील, 40 टक्के शिसं असलेली ती तार 183 अंशांच्या आसपास हळूच मान टाकायची आणि चांदीचा थेंब तांब्याच्या केसांत नाहीसा व्हायचा. मला ते जगातलं सगळ्यांत समाधानाचं दृश्य वाटायचं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू.

स्कूटरचा तो जोड 2014 च्या जुलैतला. सालाची खात्री आहे, कारण त्याच्या आदल्या वर्षी, 2013 च्या जुलैत, देशातली तारसेवा बंद झाली होती. बाबा तेव्हा निवृत्त होऊन बसले होते. त्यांनी पेपरातली ती बातमी दोनदा वाचली, मग उठून दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या वर्षी पावसात भिजून कावलेल्या एका उंदरानं स्कूटरच्या सीटखाली बिऱ्हाड केलं आणि इंडिकेटरची वायर कुरतडली. मी गॅरेजला न्यायची म्हटलं तर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं घरात भात असताना मी हॉटेलातून मागवायचं म्हणतेय. दुपारभर खटपट करून त्यांनी ती जोडली. तेव्हापासून दहा पावसाळे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पडतो म्हणजे तीस मीटर पाणी त्या जोडावरून गेलं. "चलना नाय" म्हणणाऱ्याला हे उत्तर मी जागच्या जागी द्यायला हवं होतं. सुचलं घरी आल्यावर, चहा गाळताना.

पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, ही खरी बोच. मी स्वतः पाहिलं होतं वायर कुठे तुटली ते.

मग मला छंदच लागला. मेलेल्या चार्जरच्या वायरी, चतुर्थीच्या दिव्यांच्या जळक्या माळा, जे मिळेल ते घेऊन बाल्कनीत बसायचं. गाडीतली बारीक वायर म्हणजे एक तार नसतेच. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत बहुधा 16 केस असतात, एकेक 0.2 मिलिमीटर जाडीचा. 12 व्होल्टचा, 10 वॉटचा बल्ब पेटवायला एक अँपिअरही लागत नाही. तेवढ्यासाठी इतके बारीक केस कशाला? विजेसाठी नव्हे, वाकण्यासाठी. 16 केस एकमेकांवरून सरकतात म्हणून वायर हादरे सोसते. त्यावर डाख दिला की 16 केसांची एक काडी होते. आणि डाख जिथे लावला तिथेच थांबत नाही, वातीत तेल चढावं तसा आवरणाखालून पुढे सरकतो. मग वायर कडक कुठे संपते आणि मऊ कुठे सुरू होते ती एक रेघ तयार होते. इंजिनचा प्रत्येक हादरा, म्हापसा ते पणजी रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच रेघेवर येऊन वाकतो. पत्र्याची पट्टी आपण खाली-वर करून मोडतो, तसा एक केस जातो, मग दुसरा, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सोळावा जातो त्या दिवशी इंडिकेटर बंद. बाबांच्या एक्स्चेंजमधल्या रॅक भिंतीला बोल्टनं जखडलेल्या असत. तिथला डाख माणसापेक्षा जास्त जगला असता. स्कूटर ही थरथरणारी वस्तू.

मेकॅनिकनं केलं होतं ते मी आठवून आठवून पुन्हा केलं. कथील लावलेली तांब्याची एक छोटी नळी, तिच्यावर लाल प्लॅस्टिकचा अंगरखा. लाल नळी अर्धा ते दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला, निळी दीड ते अडीचच्या, पिवळी चार ते सहाच्या. दोन्ही बाजूंनी वायर सोलून आत सारायची आणि दाबायची. बस. इतकं साधं, की मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. दाबलं म्हणजे जोडलं कसं? पण नीट दाबलं तर आत काय होतं ते बघण्यासारखं आहे. केसांच्या मधली पोकळी संपते, गोल केस चेपून मधमाशांच्या पोळ्यासारखे एकमेकांत बसतात, तांब्यावरची पातळ पुटं फुटतात आणि धातूला धातू थेट भिडतो. जोडात हवेलाही जागा उरत नाही, आणि हवा नाही तिथे आमच्याकडची खारट दमट हवा तांबं काळं करणार कशी? विस्तव नाही, राळ नाही, कडक रेघही नाही. नळीच्या तोंडाशीच वायर पुन्हा मऊ. एकच, की हा जोड सोडवता येत नाही. चुकला तर कापून टाकायचा.

मी पुष्कळ कापून टाकले. पहिले चार घरच्या पकडीनं दाबले. पकड नळी चपटी करते, घट्ट करत नाही. ओढलं की वायर अलगद बाहेर, जसा काही संबंधच नव्हता. (इथे नात्यांवरची एक उपमा अगदी जिभेवर आली होती. गिळली.) मग हार्डवेअरच्या दुकानातून दात्यांचं क्रिंपिंग टूल आणलं. त्याचं तोंड दाब पुरा झाल्याशिवाय उघडतच नाही, त्यामुळे माझ्यासारख्या अर्धवट दाबणाऱ्यांची सोय होते. तरी चुका होत्याच. वायर दातानं सोलली तर सोळातले तीन केस दातातच राहतात. जास्त सोलली तर उघडं तांबं नळीबाहेर लोंबतं, कमी सोलली तर नळी वायरऐवजी तिच्या प्लॅस्टिकलाच चावते. आणि सगळ्यांत अपमानास्पद चूक म्हणजे, सुंदर जोड करून, दोनदा ओढून बघून, खूश होऊन मान वर करावी तर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे जोडावर चढवून तापवायची प्लॅस्टिकची नळी, टेबलावर पडलेली. ती आधी वायरीत ओवायची असते. हे मी सहा वेळा केलं. सातव्यांदा स्लीव्ह ओठात धरून बसले आणि तरीही विसरले.

स्लीव्हच्या आत गोंद असलेली जात निराळी मिळते, ती घ्यावी. तापवली की ती आवळते आणि दोन्ही टोकांना गोंदाचा एक बारीक मणी बाहेर येतो. तो मणी दिसला म्हणजे पाणी आत जाणार नाही. साध्या टेपखाली पाणी जातं, आणि एकदा गेलं की केसांच्या मधून वायरीच्या पोटात वीत-वीतभर चढतं. बाहेरून लाल-निळी धडधाकट वायर, आत सोलावं तर तांबं काजळीसारखं काळं. किनाऱ्यावरच्या गावांतल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. अशा वेळी चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे मागे सोलत जायचं, न लागलं तर तेवढा तुकडाच बदलायचा. काळ्या तांब्यावर कोणतीच नळी धरत नाही. डाख तर मुळीच नाही. हे बाबाही म्हणायचे: "घाणीला डाख लागत नाही." म्हणताना त्यांचा रोख ऑफिसातल्या कुणावर तरी असायचा.

पर्समधला तो तुकडा इतके दिवस बसच्या तिकिटांत पडून होता. एका रात्री ब्लेड घेतलं आणि उभा चिरला.

आवरण निघाल्यावर आधी मेकॅनिकचंच खरं निघालं. डाख जोडापासून जवळजवळ बोटाच्या एका पेरापर्यंत आत चढलेला, आणि जिथे संपला तिथेच केस तुटलेले, टोकं मातकट. पण मग मी डाखाचा थर इस्त्रीनं तापवून पुसून काढला, आणि खाली वेणी दिसली. दोन वायरी एकमेकींवर फुली करून घातलेल्या, आणि मग प्रत्येकीनं दुसरीभोवती पाच-पाच घट्ट वेढे घेतलेले. खांबांवरच्या तारा जोडायची जुनी रीत, तारायंत्राच्या काळातली. खांबावरची तार स्वतःच्या वजनानं ओढली जाते, आणि हा पिळा ओढला की सुटण्याऐवजी जास्त आवळतो. म्हणजे तो जोड डाखाच्या जिवावर उभाच नव्हता. डाख होता तो रंगाच्या वरच्या हातासारखा.

बाबांचा हात ओळखला आणि लगेच दुसरं काहीतरी आठवलं. माझे बाबा नुसता जोड कधीच सोडत नसत. ते बांधत. एक्स्चेंजमध्ये शेकडो वायरींचे जुडगे मेणाच्या दोऱ्यानं ओळीनं बांधायची पद्धत होती, प्रत्येक गाठ आपली आपण अडकलेली, एक तुटली तरी पुढची सैल न होणारी. बाबांच्या हातातून ती सवय गेलीच नाही. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधायला सगळे त्यांनाच बोलवायचे. केवणीच्या सालीचे दोर भिजवून, त्यांत कवंडळं, सुपारीचे घड, निरफणस, आंबाडे असे काही बांधायचे की विसर्जनापर्यंत एकही फळ खाली यायचं नाही. वर डोकं करून उभे, तोंडात दोर, आणि आई खालून, "पुरे हो आता, गणपती घाबरेल." घरात उरलेल्या दोऱ्याला मेणबत्तीचं मेण चोळून ते गुंडाळून ठेवत, आणि खिशात तो हातभर असायचाच.

रविवारी सकाळी मी स्कूटरची डिकी स्वतः काढली. चार स्क्रू आणि एक शिवी. मेकॅनिकची नवी स्लीव्ह होती, टोकाला गोंदाचे मणी. तिच्या मागे, चार बोटांवर, फ्रेमच्या नळीला वायर बांधलेली. मेणाचा दोरा, काळा पडलेला, धूळ बसून दगडासारखा झालेला, पण गाठ शाबूत. नख लावलं तरी हलेना. आणि जोडाच्या पुढच्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर, नळीच्या रंगावर दोऱ्याचा नुसता वळ होता. दोरा नव्हता. मार्चमध्ये एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली होती, तिथे कुणीतरी आडवा येतो म्हणून कापला असणार. नीट असलेली गाठ कापणारे लोक मला आधीच आवडत नव्हते.

म्हणजे दोन्ही बाजूंनी बांधलेला होता तोवर तो जोड हलतच नव्हता. आणि हलत नव्हता तोवर ती कडक रेघ कुणाला त्रास देत नव्हती. एक बाजू सुटली, वायर झोके खायला लागली, आणि तीन महिन्यांत सोळा केस गेले. मी तिथेच डिकी मांडीवर घेऊन बसले. आनंद झाला, आणि तो फार टिकला नाही. कारण बाबांनी नळी दाबली असती तर एक दोरा तुटल्यावर इतक्या लवकर असं झालं नसतं, हेही दिसतच होतं. दहा वर्षांत कुणीतरी कधीतरी दोरा कापणारच. मेकॅनिक बरोबर होता. बाबाही चुकले नव्हते. दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर तासभर भांडले असते आणि मग बाबांनी त्याचं टूल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं असतं, दाते मोजले असते.

वळ उमटला होता त्या जागी मी नवा दोरा बांधला. मेणबत्ती चोळून. गाठ बाबांसारखी आली नाही, अंबाडा घातल्यासारखी फुगली.

पुढच्या शुक्रवारी ब्रेक तपासायचं निमित्त काढून पुन्हा म्हापशाला गेले. तो एका बाइकच्या बाजूला बसकण मारून बसला होता, हात कोपरापर्यंत काळे, ताडपत्रीतून पाठीवर पाणी ठिबकतंय. ब्रेकचं काही बोललेच नाही मी.

"मागच्या वेळी तो जोड कापलात ना," मी म्हटलं, "तो माझ्या बाबांनी केला होता."

"माका वाटलांच," तो मान वर न करता म्हणाला. "तो दहाचो पानो दी."

मी पाना दिला. "कसं काय वाटलं?"

त्यानं नट सैल केला, तो पडू नये म्हणून तळहातावर घेतला, शर्टाला पुसला.

"मागे दोरो होतो ना बांधलेलो? तो मी तसोच ठेवलंय," तो म्हणाला. "खयचो मेकॅनिक दोरो बांधता?"